नव्या डिस्क, नवे पॅड, तरीही ब्रेक थरथरतो: डिस्कची असमान झीज शोधायची कशी

पुढच्या दोन्ही डिस्क बदलल्या, पॅड बदलले, बिल भरलं. सुरुवातीला ब्रेक गुळगुळीत लागला. मग चार-पाच हजार किलोमीटर झाले आणि हायवेवर ऐंशीच्या वेगात पाय ठेवला की स्टिअरिंग थरथरायला लागलं, पेडल पायाला खालून ढुशा द्यायला लागलं. गॅरेजमध्ये निकाल ठरलेला असतो: "डिस्क बेंड झालीय. लोकल माल असणार. ओरिजिनल टाकू." ओरिजिनल पडते, आणि पुढच्या पाच हजार किलोमीटरला पुन्हा तेच.

रोजच्या वापरात ओतीव लोखंडाची डिस्क सहसा वाकत नाही. ती एका जागी पातळ आणि दुसऱ्या जागी जाड होते, नाहीतर तिच्यावर पॅडचा माल एकाच जागी जास्त चिकटतो. आणि याचं मूळ बहुतेक वेळा डिस्कमध्ये नसतंच. ती ज्या हबवर बसते तिथे असतं, किंवा तिला दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये. म्हणून डिस्कला हात लावण्याआधी तिचे शेजारी तपासायचे, आणि ते अंदाजाने नव्हे, मोजून.

पुढचं सगळं आपल्याकडच्या नेहमीच्या लहान गाडीला धरून लिहिलं आहे: पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि पिनांवर सरकणारा एका पिस्टनचा कॅलिपर. चारही चाकांना डिस्क असलेल्या गाडीत तपासणीची रीत तीच राहते. पेडल खोल जात असेल, ब्रेक ऑइल गळत असेल किंवा गाडी ब्रेक लावताच एका बाजूला जोरात ओढत असेल, तर मात्र चाचणीसाठीसुद्धा रस्त्यावर काढू नका.

आधी हे घडतं कसं

डिस्क हबवर अगदी काटकोनात बसली नाही, तर फिरताना ती किंचित डोलते. या डोलण्याला रनआउट म्हणतात. बहुतेक गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याची मर्यादा ०.०५ ते ०.१० मिमीच्या आसपास दिलेली असते, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीएवढी.

गंमत अशी की नुसतं रनआउट असेल तर सुरुवातीला पायाला काहीच कळत नाही. कॅलिपर पिनांवर सरकता असतो. डिस्क डावी-उजवीकडे डोलली की तोही तिच्याबरोबर डोलतो. डिस्कची जाडी सगळीकडे सारखीच असल्यामुळे पिस्टन जागचा हलत नाही आणि पेडल शांत राहतं. खरा घोटाळा ब्रेक सोडलेला असताना होतो. डोलणाऱ्या डिस्कचा उंचवटा प्रत्येक फेऱ्यात पॅडला हलकेच घासून जातो, आणि तोही दर वेळी त्याच जागी. साठच्या वेगाला लहान गाडीचं चाक सेकंदाला आठ-नऊ फेरे घेतं. हजारो किलोमीटर हे घासणं चालू राहिलं की ती जागा झिजून पातळ होते.

आता ब्रेक लावला की पॅडमधून कधी जाड भाग जातो, कधी पातळ. जाड भाग पिस्टनला मागे ढकलतो, ऑइलचा दाब क्षणभर वाढतो आणि तो धक्का पेडलवर पोचतो. जाडीतला ०.०१५ ते ०.०२ मिमीचा फरकसुद्धा पायाला जाणवायला पुरतो. थरथर काम केल्याच्या दिवशी न येता काही महिन्यांनी येते ती यामुळे. आणि त्यामुळेच गॅरेजवाल्याला प्रामाणिकपणे वाटतं की आपण काम नीट केलं होतं, माल खराब निघाला.

म्हणून पहिला प्रश्न "किती थरथरतं?" हा नसून "कधीपासून?" हा आहे. काम झाल्या-झाल्या थरथर सुरू झाली असेल तर बसवण्यात ढोबळ चूक आहे: हबवर गंज, नट चुकीचे आवळलेले, किंवा भागच चुकीचा. काही हजार किलोमीटरनंतर हळूहळू वाढत गेली असेल तर रनआउट, नाहीतर अडकलेला कॅलिपर. एखादा घाट उतरून आल्यावर एकदम सुरू झाली असेल तर पॅडचा माल डिस्कवर छापला गेला असण्याची शक्यता जास्त. पावसाळ्यात गाडी पंधरा दिवस उभी होती आणि त्यानंतर सुरू झाली, तर गंज. आणि पंक्चर काढून आणल्यावर सुरू झाली असेल, तर चाकाचे नट. हा शेवटचा मुद्दा बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

पहिली पायरी: रस्त्यावर

रिकामा, सपाट, सरळ रस्ता निवडा. आधी ब्रेक न लावता ऐंशी-नव्वदचा वेग गाठा. तेव्हाच स्टिअरिंग थरथरत असेल तर प्रश्न ब्रेकचा नाही. चाकांचं बॅलन्सिंग, टायरला आलेला फुगवटा किंवा वाकलेली रिम पाहा. ब्रेक लावल्यावरच थरथर येत असेल तर पुढे जाऊ.

मध्यम दाबाने ब्रेक लावून ऐंशीवरून तीसपर्यंत या. स्टिअरिंग हलत असेल तर दोष पुढच्या चाकांत. स्टिअरिंग शांत, पण सीट किंवा पेडल धडधडतंय, तर मागचा ड्रम अंडाकृती झालेला असू शकतो. खात्रीसाठी, मैदानासारख्या मोकळ्या जागी तीसच्या वेगात हँडब्रेकचं बटण दाबून धरत लिव्हर हळूहळू ओढा. तशीच धडधड आली तर मागचे ड्रम उघडा, पुढच्या डिस्कवर खर्च करू नका. पावसात ओल्या रस्त्यावर हा प्रयोग नको.

एबीएसचा, म्हणजे जोराच्या ब्रेकमध्ये चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, धक्काही पेडलला जाणवतो, पण तो फार जलद असतो, सोबत पुढून घरघर ऐकू येते, आणि जोरात ब्रेक लावला किंवा रस्त्यावर खडी असली तरच तो यायला हवा. कोरड्या रस्त्यावर, हलका ब्रेक लावून गाडी थांबता-थांबता पेडल घरघरत असेल तर चाकाच्या स्पीड सेन्सरकडे बघा. डिस्कचा धक्का मात्र चाकाच्या फेऱ्याशी बांधलेला असतो, फेऱ्याला एक किंवा दोन. गाडी दहाच्या वेगाने सरकत असताना हलका ब्रेक लावला तर हे ठोके मोजतासुद्धा येतात.

दुसरी पायरी: चाकं किती तापतात

दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा, ब्रेक शक्य तितका कमी वापरा, आणि शेवटी हलक्या चढावर आपोआप थांबू द्या. लगेच इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही चाकं मोजा. कोविडच्या काळात घरोघरी आलेली कपाळावर धरायची गन इथे चालत नाही. ती शरीराच्या तापमानापुरतीच असते. औद्योगिक वापराची गन हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात किंवा ऑनलाइन सहज मिळते. चकचकीत धातूवर तिचं रीडिंग फसवं येतं, म्हणून आकड्यापेक्षा डाव्या-उजव्याची तुलना महत्त्वाची. दोन्हीकडे एकाच जागी नेम धरा, उदाहरणार्थ डिस्कच्या मधल्या न घासणाऱ्या, मळकट भागावर. एकीकडे साठ आणि दुसरीकडे एकशे वीस अंश दिसलं, तर तापलेल्या बाजूचा ब्रेक सुटत नाही, हे कळायला आणखी पुरावा नको. गन नसेल तर रिमजवळ तळहात नेऊन फरक बघता येतो. डिस्कला हात लावू नका.

तिसरी पायरी: गाडी उचलून

सपाट, कडक जमीन. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे. जॅक फक्त उचलायला. उचलल्यावर गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) बसवायचीच. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणारे आपल्याकडे खूप आहेत, आणि अपघातही त्यातलेच.

गिअर न्यूट्रलमध्ये टाकून पुढचं चाक हाताने फिरवा. पॅडचा हलका खरखर आवाज येणं साहजिक आहे. आवाज सलग आहे की फेऱ्यातून एकदाच येतो, हे कान देऊन ऐका. एकाच जागी "खर्र" होऊन पुढे मोकळं फिरत असेल तर डिस्क डोलते आहे. पूर्ण फेरा जड जात असेल तर ब्रेक धरून बसला आहे. मग चाक वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट सैल आहे, आणि तो दुरुस्त होईपर्यंत पुढची मापं घेण्यात अर्थ नाही.

चाक जड असेल तर एक छोटी पण फार उपयोगी चाचणी इथेच करून टाका. इंजिन बंद ठेवा. ब्रेक दोन-तीनदा दाबून सोडा, चाक अडकलेलं आहे याची खात्री करा, आणि कॅलिपरवरचा निपल (ऑइल आणि हवा बाहेर काढायची छोटी तोटी) पारदर्शक नळी लावून थोडा सैल करा. पिचकारी उडून चाक मोकळं झालं, तर ऑइलचा दाब अडकून पडला होता. निपल उघडूनही चाक जडच राहिलं, तर दोष कॅलिपरच्या पिस्टनमध्ये किंवा पिनांमध्ये आहे. दाब अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे जुना रबरी होस पाइप. बाहेरून तो ठीक दिसतो, आतून सुजलेला असतो. पायाच्या जोराने ऑइल जातं, पण परत येत नाही. दोन्ही पुढची चाकं एकदमच धरत असतील तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा मुख्य सिलिंडर) किंवा बूस्टरच्या (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाच्या) दांडीच्या सेटिंगचा संशय घ्या. निपल पुन्हा आवळा, टाकीतली पातळी बघा, हवा शिरल्याची शंका असेल तर एअर काढून घ्या. ब्रेक ऑइल रंग खातं, त्यामुळे बॉडीवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

चौथी पायरी: पॅड काय सांगतात

कॅलिपर सोडवून तारेने वर बांधा. होस पाइपवर लोंबकळत ठेवू नका. पॅड काढण्यापूर्वी त्यांच्या पाठीवर मार्करने लिहा: डावा-आत, डावा-बाहेर, उजवा-आत, उजवा-बाहेर. धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. ती फुप्फुसात जाण्याजोगी बारीक असते.

आता चारही पॅडच्या घासणाऱ्या थराची जाडी चारही कोपऱ्यांत मोजा. पाठीची लोखंडी पट्टी मोजायची नाही. इथे व्हर्नियर, म्हणजे सरकत्या जबड्यांचं मोजमापाचं साधन, पुरतो. घाईने "पॅड आहेत अजून" म्हणून पुढे जाणारे मेकॅनिक सगळा पुरावा इथेच टाकून देतात.

आतला पॅड, म्हणजे पिस्टनच्या बाजूचा, बाहेरच्यापेक्षा खूप झिजला असेल तर पिस्टन मागे येत नाही, किंवा पिना अडकल्यामुळे कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड ओढतच नाही आणि सगळा भार आतल्यावर पडतो. बाहेरचा जास्त झिजला असेल तर कॅलिपर ब्रेक सोडल्यावर परत मोकळा सरकत नाही, पुन्हा पिनाच. एकच पॅड तिरका, म्हणजे एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला पातळ, झिजला असेल तर दोनपैकी एकच पिन अडकली आहे किंवा पॅड ब्रॅकेटच्या खाचेत रुतून बसला आहे. डावीकडचे दोन्ही पॅड उजवीकडच्या दोन्हींपेक्षा जास्त गेले असतील तर त्या बाजूचा ब्रेक सुटत नाही किंवा समोरच्या बाजूचा लागत नाही. थोडाफार फरक सगळ्याच गाड्यांत असतो. दोन-तीन मिमीचा फरक मात्र सोडून देण्यासारखा नाही.

पॅड खाचेत बोटाच्या जोराने सरकायला हवा. हातोडीने ठोकून बसवावा लागला असेल तर ते काम तिथेच बिघडलं. स्टीलच्या क्लिपांखाली ब्रॅकेटवर गंज चढतो, तो क्लिप वर उचलतो आणि नवा पॅड घट्ट होतो. क्लिपा काढून खालचा गंज वायर ब्रशने आणि कानशीने साफ करा. पॅडची पट्टी कानशीने घासून लहान करणं हा उलटा उपाय आहे.

मग पिना. दोन्ही बाहेर काढून बघा. कोरड्या, गंजलेल्या, किंवा काळ्या चिकट ग्रीसमध्ये रुतलेल्या सापडतील. चाकाच्या बेअरिंगचं किंवा चॅसिसचं नेहमीचं ग्रीस इथे घालू नये. ते रबर फुगवतं आणि पिन पुन्हा अडकते. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच वापरा, पातळ थर पुरे. बऱ्याच कॅलिपरमध्ये दोन पिनांपैकी एकीवर रबरी बुश असतं आणि तिची जागा ठरलेली असते. अदलाबदल झाली की पॅड तिरका झिजू लागतो. काढताना फोटो काढून ठेवला की हा प्रश्नच उरत नाही.

पिस्टन तपासताना टाकीचं झाकण सैल करा, पातळी काठोकाठ असेल तर थोडं ऑइल काढून घ्या, आणि सी-क्लॅम्पने पिस्टन हळूहळू आत दाबा. तो सारख्या जोराने आत जायला हवा. अडखळत गेला, किंवा धूळरोधक रबर फाटून आत पाणी आणि गंज दिसला, तर सील किट टाकून ओव्हरहॉल करायला हवा. पिस्टनवर खड्डे पडले असतील तर नुसत्या किटने भागणार नाही.

पाचवी पायरी: डिस्क डोळ्यांनी

दोन्ही तोंडं बघा. आतली बाजू बघण्याचा लोक कंटाळा करतात आणि नेमका गुन्हा तिथेच असतो. बाहेरून चकचकीत आणि आतून गंजाचा रुंद पट्टा असेल तर आतला पॅड पूर्ण लागत नाही. पॅडच्या आकाराचा गडद, निळसर-करडा ठसा दिसला तर तो चिकटलेला माल आहे. घाट उतरून खाली सिग्नलला किंवा टोलनाक्यावर तापलेल्या डिस्कवर पाय गच्च दाबून उभं राहिलं की हे होतं. खंबाटकी किंवा कसारा उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर गाडी धरली तर डिस्क इतकी तापतच नाही. फार तापलेल्या अशा जागी लोखंडाची अंतर्गत रचनाच बदलून कडक ठिपके तयार होतात. ते घासूनही जात नाहीत, कारण भोवतीचं लोखंड त्यांच्या आधी झिजतं.

पॅडच्या आकाराचाच पण लालसर, खरबरीत ठसा असेल तर तो गंजाचा. ओली गाडी बंद करून दिवसेंदिवस उभी ठेवली की पॅडखाली पाणी साचून तो उमटतो. कोकणात आणि गोव्यात, खाऱ्या हवेत, हे फार लवकर होतं. वरवरचा गंज थोडं चालवल्यावर निघून जातो, खड्डे पडले असतील तर राहतो. गाडी धुऊन उभी करणार असाल तर आधी एक फेरी मारून ब्रेक कोरडे करा.

आणि फक्त पॅड बदलून जुनीच डिस्क ठेवली असेल तर? तिच्या कडेला उंच ओठ आलेला असतो, मध्ये चऱ्या असतात. नवा सपाट पॅड त्या ओठावर आणि चऱ्यांच्या माथ्यांवर टेकतो. पहिले काही शे किलोमीटर ब्रेक कमी लागणं, आवाज येणं आणि पट्ट्या-पट्ट्यांची झीज दिसणं यात नवल नाही. ओठ मोठा असेल तर पैसे वाचवल्याचं समाधान फार टिकत नाही.

सहावी पायरी: जाडी

इथे व्हर्नियर नको. कडेचा ओठ मध्ये येतो आणि आपल्याला हवा असलेला फरक त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. ० ते २५ मिमीचा मायक्रोमीटर घ्या, ०.००१ मिमी दाखवणारा डिजिटल असेल तर उत्तम. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा. खडूने तोंडावर आठ सारख्या अंतरावर खुणा करा आणि प्रत्येक खुणेवर कडेपासून साधारण १० मिमी आत जाडी मोजा. अंतर आठही ठिकाणी तेवढंच हवं. दोन फेऱ्या मोजा. दोन्हीत आकडे जुळले तरच त्यांच्यावर विश्वास ठेवा.

समजा आकडे असे आले: १६.९९२, १६.९९०, १६.९८१, १६.९७२, १६.९७०, १६.९७८, १६.९८६, १६.९९१. जास्तीत जास्त आणि कमीत कमी यांच्यातला फरक ०.०२२ मिमी. आकडे सलग उतरतात आणि पुन्हा चढतात, म्हणजे एका बाजूला डिस्क घासली गेली आहे. हा रनआउटचा हस्ताक्षरासारखा नमुना आहे. एखादाच आकडा शेजाऱ्यांपेक्षा एकदम वेगळा असेल तर तिथे चिकटलेला माल किंवा गंज शोधा. गाडीच्या मॅन्युअलमधली मर्यादा अंतिम मानायची. ती साधारण ०.०१ ते ०.०२ मिमीच्या घरात असते.

डिस्कच्या मधल्या भागावर किंवा कडेवर किमान जाडी कोरलेली असते, "मिन टीएच" अशा खुणेपुढे. सगळ्यात कमी आलेला आकडा त्याच्या खाली असेल तर पुढची चर्चा बंद, डिस्क बदला.

सातवी पायरी: रनआउट

मॅग्नेटिक स्टँडसह डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल सुईने दाखवणारं माप, लागेल. पुण्या-मुंबईत हार्डवेअरच्या पेठेत साधा गेज परवडणाऱ्या किमतीत मिळतो. फॅब्रिकेशनवाल्या मित्राकडून उसना आणला तरी चालतो.

चाक काढलेलं असल्यामुळे डिस्क हबवर सैल असते. सगळे नट योग्य जाडीचे वॉशर घालून, समोरासमोरच्या क्रमाने, सारखे आवळा. हे न करता घेतलेलं माप निरुपयोगी असतं. स्टँड स्टिअरिंग नकलवर (हब ज्यात बसतो त्या लोखंडी भागावर) किंवा शॉकअबच्या खालच्या भागावर पक्का बसवा, गेजचं टोक डिस्कच्या तोंडाला काटकोनात, कडेपासून १० मिमी आत टेकवा, शून्य करा आणि डिस्क हळू एक पूर्ण फेरा फिरवा. सुई सर्वांत डावीकडे आणि सर्वांत उजवीकडे जिथे जाते, त्यांच्यातलं अंतर म्हणजे रनआउट. सुई सर्वांत वर गेली त्या जागी खडूने खूण करा आणि तिथला स्टडही खुणेने लक्षात ठेवा.

मर्यादेपेक्षा जास्त आलं तर लगेच डिस्कला दोष देऊ नका. डिस्क काढा. अनेक जपानी घडणीच्या गाड्यांत डिस्कला दोन आटे पाडलेली भोकं असतात. त्यांत बोल्ट आलटून-पालटून आवळत नेले की गंजून चिकटलेली डिस्क ठोकाठोकी न करता सुटते. आता हबचं तोंड बघा. मला वाटतं, सगळ्या लेखातून एकच गोष्ट करायची ठरवलीत तर ही करा. स्टडच्या मुळाशी, मधल्या उंच कडेच्या सांध्यात गंजाचे पापुद्रे असतात. हबच्या कडेला ०.०३ मिमीचा पापुद्रा राहिला तर डिस्कच्या कडेला तो जवळपास दुप्पट होऊन दिसतो, कारण डिस्कचा व्यास हबच्या तोंडापेक्षा तितका मोठा असतो. म्हणजे रनआउटची अख्खी मर्यादा एका पापुद्र्यात संपली.

वायर ब्रश, बारीक एमरी पेपर आणि ब्रेक क्लीनर घेऊन हब चकचकीत धातू दिसेपर्यंत साफ करा. डिस्कच्या आतल्या बाजूचं टेकणारं तोंडही तितकंच. ग्राइंडर लावून हबचा धातू काढू नका. जाड ग्रीस किंवा रंगही नको.

मग उघड्या हबवरच गेज लावून फेरा फिरवा. इथे ०.०३ ते ०.०५ मिमीपेक्षा जास्त आलं तर हब किंवा बेअरिंग वाकडं आहे. खड्ड्यात जोरात आदळलेल्या, किंवा बेअरिंग बदलताना हातोडीने ठोकलेल्या गाड्यांत हे सापडतं. हब ठीक असेल तर डिस्क परत बसवून मोजा. नुसत्या सफाईने बऱ्याचदा काम भागतं. थोडं उरलं तर डिस्क एक स्टड पुढे फिरवून बसवा आणि पुन्हा मोजा. चार स्टड असतील तर चार जागा होतात. हबचा उंचवटा आणि डिस्कचा उंचवटा एकमेकांना मारतील अशी एक जागा सहसा सापडते. डिस्कला जागा ठरवणारे स्क्रू असतील तर अर्थात हे करता येत नाही.

डिस्क ठेवायची, टर्निंगला द्यायची की बदलायची?

जाडीचा फरक आलाच असेल तर हब साफ करून तो भरून निघत नाही. डिस्क किमान जाडीपेक्षा पुरेशी जाड असेल तर लेथवर दोन्ही तोंडं फेसिंग करून, म्हणजे पातळ थर काढून सपाट करून, घेता येतात. पण लेथच्या चकमध्ये डिस्क नीट केंद्रित झाली नाही तर गावठी कारागीर एक दोष काढून दुसरा घालून देतो. गाडीवरच बसवून फिरवणारं लेथ असलेलं वर्कशॉप मिळालं तर ते सर्वोत्तम, कारण तिथे हबसकट डिस्क सरळ होते. ते नसेल आणि लहान गाडीची डिस्क असेल, तर मी नवी जोडी घेईन. दोन्ही बाजूंची एकदम, एकाच कंपनीची, आणि पॅडही नवे. डिस्कवर फक्त हलका चिकटलेला माल असेल तर एमरी पेपरने दोन्ही तोंडं घासून, पॅड बदलून बघण्यात काही गमवायचं नाही.

नव्या डिस्कवर गंजरोधक तेल असतं. ते ब्रेक क्लीनरने पुसून काढा. तेलकट हात पॅडला लावू नका. बसवल्यावर रनआउट पुन्हा मोजा, नवी असली तरी.

नट, आणि पंक्चरवाला

डिस्क ही हब आणि रिमच्या मध्ये चिमटलेली असते. एक नट गच्च आणि शेजारचा सैल राहिला तर डिस्कचा मधला पातळ भाग ताणला जाऊन ती डोलू लागते. हवेच्या गनने एकापाठोपाठ एक नट ठोकणारा पंक्चरवाला दोन मिनिटांत तुमची सगळी मेहनत पुसतो. नट आधी हाताने बसवा, मग समोरासमोरच्या क्रमाने दोन टप्प्यांत टॉर्क रेंचने आवळा. लहान गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. रिमचं टेकणारं तोंडही साफ हवं. शंभर किलोमीटर झाल्यावर एकदा तपासा. वाटेत पंक्चर काढावं लागलं तर घरी आल्यावर नट सैल करून पुन्हा क्रमाने आवळा.

गाडी हलवण्यापूर्वी आणि नंतर

पिस्टन मागे ढकललेला असतो. म्हणून इंजिन सुरू करून पेडल कडक लागेपर्यंत पंप करा, मगच गिअर टाका. हे विसरून गाडी भिंतीला लावलेल्यांची संख्या कमी नाही.

मग पॅड आणि डिस्कची ओळख करून द्यायची. रिकाम्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत मध्यम ब्रेकने आठ-दहा वेळा या. प्रत्येक वेळी पूर्ण थांबू नका, मध्ये थोडं चालू द्या. शेवटी पाच-दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून डिस्क गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभं राहिलात तर तिथेच पहिला ठसा उमटतो. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर शक्यतो घाट आणि जोराचे ब्रेक टाळा, आणि घाट उतरून आल्या-आल्या गाडी प्रेशर पंपाखाली घालू नका.

काम गॅरेजमध्येच करून घेणार असाल तर

स्वतः पाना धरायचा नसेल तरी वरची माहिती वाया जात नाही. गाडी देताना "डिस्क चेक करा" असं सांगू नका. चार गोष्टी मागा: दोन्ही डिस्कची आठ जागची जाडी, बसवल्यानंतरचं रनआउट, चारही पॅडची आत-बाहेरची मापं, आणि डिस्क बसवण्याआधी साफ केलेल्या हबचा फोटो. डायल गेज नाही असं उत्तर मिळालं तर दुसरं गॅरेज शोधा. मिळालेले आकडे बिलाच्या मागे तारखेसह आणि किलोमीटरसह लिहून घ्या. पुढे कधी थरथर आली तर रनआउट आधीपासून जास्त होतं की मध्येच एखादी पिन अडकली, हे त्या आकड्यांवरूनच सांगता येतं. वॉरंटीवरून वाद झाला तर तोही त्याच कागदावर मिटतो.